पद्माकररावांना विश्रांती

सुप्रभा टिपणीसला राग आला की ती पितळ घासायला काढते. आरडाओरडा नाही, आदळआपट नाही. समई, ताम्हण, तांब्या, सासूबाईंच्या वेळचा पानाचा डबा, सगळं ओट्यावर मांडायचं, लिंबू नि मीठ घ्यायचं आणि घासत बसायचं. एक्क्याण्णव सालच्या ऑगस्टात तिच्या घरातलं पितळ इतकं चकाकत होतं की शेजारच्या मिसेस हॉजला वाटलं, आमचा कुठलातरी मोठा सण जवळ आलाय. मी म्हटलं, सण आहेच, पण ही त्याची तयारी नव्हे.

आमच्या मंडळाच्या पुस्तकात मोठमोठ्या सर्जन लोकांची चरित्रं फोटोसकट छापून येतात. सुप्रभाचं कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते. माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्वदीर्घाचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

सुप्रभा मूळची पेणची. लग्न होऊन सहासष्ट साली इंग्लंडात वॉटफर्डला आली. नवरा शशिधर इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचा, आणि हिला तिथेच चादरी-पांघरुणांच्या खोलीत काम मिळालं. घड्या घालायच्या, मोजायच्या, वॉर्डात धाडायच्या. मूलबाळ झालं नाही. चौऱ्याऐंशीत शशिधर कामावरच गेला, हातात परीक्षानळी असताना. त्यानंतर वरच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. ती त्यांचे पडदे धुवायची नि पुन्हा लावायची, बस. माझा राजीव त्याच हॉस्पिटलात डॉक्टर, आमचं घर तिच्याच रस्त्याला. कामावरून येताना ती रोज माझ्याकडे चहाला टेकायची. मला मावशी म्हणते. कुठली मावशी नि कुठली भाची, पण परदेशात नाती अशी उसनवारीनंच चालतात.

आता पद्माकरराव. त्यांना वगळून सुप्रभाची गोष्ट सांगता आली असती तर मला फार आवडलं असतं. शशिधरचे दोस्त, त्यामुळे ही त्यांची वहिनी नि ते हिचे भावजी. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, गडद निळी मर्सिडीज, आणि महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष. मंडळ निघालं त्या दिवसापासूनचे अध्यक्ष. माणूस वाईट होता असं तेव्हा कुणीच म्हणालं नसतं. हॉल मिळवायचा, कौन्सिलशी म्हणजे इथल्या नगरपालिकेशी बोलायचं, गणपतीची मूर्ती मुंबईहून सांभाळून आणायची, सगळं तेच करायचे. फक्त केलेलं ते विसरू द्यायचे नाहीत.

सत्त्याऐंशीच्या सुमारास त्यांनी आपल्या वॉटफर्डच्या बास्केटबॉल क्लबात पैसे घातले. क्लबचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. पोरांच्या छातीवर पद्माकररावांच्या खोक्यांचं नाव छापलं गेलं. हे क्लब म्हणायला धंदेवाईक, पण खेळाडूला पगार देऊन वर घरभाडं द्यायची त्यांची ऐपत नसायची. म्हणून बाहेरगावचा खेळाडू आला की कुणाच्यातरी घरी ठेवायचा. पद्माकररावांनी आपल्या लोकांची घरं धरली. सुप्रभाकडे येऊन म्हणाले, घर मोठं आहे वहिनी, मुलगा गुणी आहे, तुम्हालाही सोबत होईल. ती दोन दिवस विचार करत होती. मीच म्हटलं, ठेव गं. पडदे तरी मळतील.

आला तो डेंझिल. बर्मिंगहॅमचा, आईबाप जमैकाचे, वय तेवीस, उंची साडेसहा फूट. दारात उभा राहिला तर आधी दार दिसेना. पलंगाला पाय पुरेनात म्हणून सुप्रभानं टोकाला शशिधरची ट्रंक लावून वर उशी ठेवली. टिपणीस त्याच्या जिभेवर बसेना, तो तिला मिसेस टी म्हणू लागला. वरणभातावर केचप ओतून खायचा. पहिल्यांदा ते बघून तिनं तोंड फिरवलं होतं, पुढे स्वतःच बाटली आणून ठेवू लागली. महिन्याभरात तिनं स्वयंपाकघरातलं स्टूल जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपला देऊन टाकलं. म्हणाली, वरचे डबे काढायला आता स्टूल लागतंय कशाला?

शनिवारी संध्याकाळी लेजर सेंटरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या खेळाच्या हॉलात, मॅच असायची. आम्ही दोघी साडीवर कार्डिगन चढवून पहिल्या रांगेत. मला खेळ कळत नाही. दोन्ही टोकांना बूड फाटलेल्या टोपल्या टांगलेल्या, आणि दहा धटिंगण त्यात चेंडू टाकायला पळतात. टाकला की खाली पडतोच. मी म्हटलं, अगं, बूड शिवून दिलं तर एकदाच काय ते काम होईल. पण सुप्रभा मनापासून बघायची. डेंझिलला कुणी कोपर मारलं नि पंचानं शिट्टी वाजवली नाही, की ही शुद्ध पेणच्या भाषेत त्या पंचाच्या डोळ्यांची चौकशी करायची. पंच बिचारा हसून हात हलवायचा. त्याला वाटायचं, या बायका आपलं कौतुक करतायत.

अशी चारेक वर्षं गेली. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये डेंझिल उडी मारून खाली आला तो गुडघा धरूनच. आमच्याच हॉस्पिटलात दाखवलं. डॉक्टरनं सांगितलं, आतली शीर पूर्ण तुटलेली नाही. हा उन्हाळाभर पळायचं नाही, उडी मारायची नाही, ऑक्टोबरात बघू. विश्रांती घेतलीस तर पुन्हा खेळशील, नाही घेतलीस तर जन्मात खेळणार नाहीस. एवढं स्पष्ट.

पद्माकरराव त्या आठवड्यात सुप्रभाकडे जेवायला आले होते. मी तिथे होते. अळूवडीची दुसरी ताटली संपवता संपवता म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लागणार नाही वहिनी, माझा शब्द. त्या शब्दावर सुप्रभानं बर्मिंगहॅमला डेंझिलच्या आईला फोन लावला. ती बाई, मिसेस ग्रँट, तिकडच्या वृद्धाश्रमात रात्रपाळी करायची. मुलाला घरी घेऊन जाते म्हणत होती. सुप्रभा तिला म्हणाली, इथेच राहू दे, मी त्याला पळू देणार नाही, मी बघते. ती म्हणाली, ठीक आहे, तुमच्यावर सोडते.

आणि सुप्रभानं बघितलं. जिन्याखालच्या कपाटात चेंडूला कुलूप लावलं. डेंझिल कंटाळून तळमळायला लागला की त्याच्यापुढे लसूण सोलायला टाकायची. त्याच्या एवढ्याल्या बोटांनी तो देवाच्या वाती वळायला शिकला, माझ्यापेक्षा बऱ्या वळायचा. एकदा मागच्या बागेत हळूच धावताना सापडला तेव्हा तिनं त्याला समोर बसवून आषाढी एकादशीची कथा ऐकवली. आमचा देव या दिवशी झोपतो तो चार महिन्यांनी उठतो, म्हणाली. सगळ्या जगाचा कारभार त्याच्या अंगावर, तो झोपतो, आणि तुला एका टोपलीची काळजी. डेंझिलनं विचारलं, मग या चार महिन्यांत कारभार कोण बघतं? सुप्रभा म्हणाली, माझ्यासारख्या बायका.

या खेळाचा सीझन वसंतात संपतो नि पानं गळायला लागली की सुरू होतो. मधल्या काळाला ऑफ-सीझन म्हणतात. मला वाटायचं सुट्टी असेल. सुट्टी कसली, बाजार भरतो. हा क्लब आपला खेळाडू त्या क्लबला देतो नि बदल्यात त्याचा घेतो. आपण बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेलं घ्यायचो, तसंच. फरक एवढाच की साडी कुठे विरलीय ते बोहारीण उजेडात धरून बघायची.

जुलैच्या शेवटाला पद्माकररावांनी डेंझिलला उत्तरेकडच्या एका क्लबला देऊन टाकलं. बदल्यात एक अमेरिकन आणला, म्हणे एका मॅचमध्ये तीस-तीस पॉइंट काढणारा. डेंझिलला फोनवर सांगितलं, सोमवारी तिकडे हजर व्हायचं. त्याच्या करारात तसं लिहिलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर कुठल्याच क्लबनं घेतलं नसतं.

सुप्रभा मला घेऊन थेट कारखान्यात गेली. पद्माकररावांनी उठून खुर्च्या दिल्या, चहा मागवला. तिनं एकच गोष्ट विचारली.

"भावजी, त्याचा गुडघा सांगितलात का त्यांना?"

ते हसले. म्हणाले, "वहिनी, त्यांनी विचारलं नाही."

"आणि त्याला विचारलंत? जातोस का म्हणून?"

"खेळाडूला विचारायचं नसतं हो. क्लब आपसांत ठरवतात. यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. तुम्हाला दुसरा देतो ना, अमेरिकन येतोय, तुमच्याचकडे ठेवू."

जशी हिची मांजर हरवली होती नि ते दुसरं पिल्लू आणून देणार होते. सुप्रभानं चहा तसाच ठेवला. आपल्यात चहाचा भरलेला कप ठेवून उठणं म्हणजे काय, ते त्यांना कळायला हवं होतं. पण इंग्लंडात राहून माणसाचं कातडं जाड होतं. त्यांनी तो कप बाजूला सरकवला नि फोन उचलला.

पुढचं सांगायला फार नाही. तिकडच्या लोकांना काही माहीत नव्हतं. त्यांनी इतरांबरोबर डेंझिललाही पायऱ्या चढ-उतर पळायला लावलं. त्यानंही सांगितलं नाही. नव्या घरी पहिल्याच दिवशी दुखणं कोण सांगतं? ऑगस्टच्या मध्याला गुडघा गेला. या वेळी पूर्ण. ऑपरेशन झालं, आणि तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, चालशील नीट, खेळणं संपलं. तो क्लब म्हणाला, आम्हाला फसवून खराब माल दिला, आमचा काही संबंध नाही. हेरन्स म्हणाले, आता तो आमचा नाही. सत्तावीस वर्षांचा उंचच्या उंच मुलगा, दोन कुबड्यांवर, कुणाचाच नाही. तो टॅक्सीतून उतरला तो सुप्रभाच्याच दारात. तिनं ट्रंक पुन्हा पलंगाच्या टोकाला लावली.

त्याच संध्याकाळी मिसेस ग्रँटचा फोन आला. मी शेजारीच बसले होते. ती ओरडली नाही, रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही म्हणाला होतात ना, मी बघते?" सुप्रभानं फोन ठेवला नि ओट्यावर पितळ मांडायला घेतलं.

मला स्वतःला विचाराल तर मी त्या निळ्या मर्सिडीजला खिळ्यानं एक लांब ओरखडा काढला असता. माझी झेप तेवढीच. राजीव म्हणाला, वकील गाठा. वकील म्हणाला, करार करारासारखा आहे. सुप्रभा ताम्हण घासत ऐकत होती. मग म्हणाली, मावशी, त्यांच्याकडे असं काय आहे, जे गेलं तर त्यांना रात्री झोप लागणार नाही? मी म्हटलं, कारखाना. ती म्हणाली, कारखान्याचा विमा उतरवलेला आहे. दुसरं सांग. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो नि दोघींना एकदमच हसू आलं. बरं हसू नव्हतं ते.

त्यासाठी आमच्या मंडळाची रीत सांगायला हवी. दरवर्षी गणपतीच्या आधी मंडळाची सभा भरते. हिशेब, अहवाल वगैरे झालं की पद्माकरराव उठायचे. शालीचं टोक सारखं करायचे नि म्हणायचे, "आता मात्र मला विश्रांती द्या. पुष्कळ वर्षं झाली. नव्या रक्ताला वाव मिळू दे. दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवा." आणि थांबायचे. त्यांचं ते थांबणं म्हणजे ताटावर आडवा हात धरून नको नको म्हणणाऱ्या पाहुण्यासारखं. आपण काय करतो? आग्रह. छे छे, तुमच्याशिवाय कसं होईल, म्हणून सगळे ओरडायचे. पुरुष टाळ्या वाजवायचे, आम्ही बायका सर्वांत मोठ्यानं, कारण वरण उकळत असायचं नि आम्हाला आत जायचं असायचं. मग ते मान खाली घालून म्हणायचे, तुमच्या प्रेमापुढे माझं काही चालत नाही. गणपतीच्या पूजेला मग सोवळं नेसून तेच बसायचे. वर्षभर खोकी विकणारा माणूस ते दहा दिवस राजा असायचा. इंडियातल्या भावांना फोटो धाडायचा.

आता त्या थांबण्यात आग्रह आलाच नाही तर?

श्रावणातल्या शुक्रवारी सुप्रभानं हळदीकुंकू ठेवलं. वॉटफर्डच्या झाडून सगळ्या बायकांना बोलावणं. दूध, चणे, ओटीला तांदूळ नि ब्लाउजपीस. बायका आल्या तर पुढच्या खोलीत खिडकीशी डेंझिल बसलेला, पाय समोरच्या स्टुलावर. दिलेल्यासारखंच हे स्टूल तिनं चॅरिटी शॉपमधून विकत आणलं होतं. तिनं कुणालाही काही सांगितलं नाही. कुंकू लावायची, दूध द्यायची नि म्हणायची, बस ना डेंझिलशेजारी, त्याला बोलायला बरं वाटेल. बसलेली बाई विचारणारच, काय झालं रे बाळा? तो भाबडा मुलगा जे झालं तसं सांगायचा, कुणावर दोष न ठेवता. त्यानं दोष ठेवला असता तर एवढं झोंबलं नसतं. ओटी घेऊन उठताना एकेकीचा चेहरा बघण्यासारखा होता. अलकाच्या घरी पूर्वी असाच एक खेळाडू होता, तोही एका उन्हाळ्यात न सांगता हलवला होता. तिच्या मुली त्याच्यासाठी रडल्या होत्या. ते तिला आत्ता आठवलं नि ती चणे खायची थांबली.

सर्वांत शेवटी आली सुलक्षणा, पद्माकररावांची बायको. तीही डेंझिलशेजारी बसली. त्याचं बोलणं ऐकलं. दूध संपवून, तोंड पुसून म्हणाली, "माझं नाव कुणी घेऊ नका. पण एवढंच विचारते, रीडिंगच्या मंडळाची कामं आठवड्यातून किती दिवस असतात?"

कारण रीडिंग गावच्या मंडळाशी बोलणं तोवर झालं होतं नि ते सुलक्षणाच्याही कानावर आलं होतं. तिथे सुप्रभाची चुलतनणंद रेखा. त्यांचं मंडळ नवीन, सगळी कॉम्प्युटरवाली तरुण पोरं, हॉलसाठी कौन्सिलशी भांडायला जाणता माणूस नाही. आणि त्यांच्याकडचा हरीश मात्र कामाला वॉटफर्डात, राहणं अर्ध्या वाटेवर. तबला वाजवतो, खुर्च्या उचलतो, आणि भाषण करत नाही हा त्याचा सर्वांत मोठा गुण. रेखा नि सुप्रभानं फोनवर अदलाबदल ठरवून टाकली. रेखानं विचारलं, तुमच्या माणसात काही खोट आहे का? सुप्रभा म्हणाली, आहे. मी लपवणार नाही. शब्द पाळत नाही, खोलीत एकटा असला तरी अध्यक्ष असतो. पण हॉल मिळवून देईल. रेखा म्हणाली, चालेल, आम्ही लक्ष ठेवू.

सभेचा रविवार उजाडला. शाळेचा हॉल गच्च. सुप्रभा पेणहून आणलेली इस्त्रीची नारायणपेठ नेसून दुसऱ्या रांगेत, मी शेजारी. हिशेब झाले. पद्माकरराव उठले, शालीचं टोक सारखं केलं. "आता मात्र मला विश्रांती द्या," म्हणाले, आणि थांबले.

कुणी बोलेना. एका कोपऱ्यातून एका डॉक्टरानं सवयीनं छे छे सुरू केलं, तर त्याच्या बायकोनं त्याच्या मांडीवर हात ठेवला. तो हात मी पाहिला, प्रेमाचा नव्हता. पद्माकरराव अजून थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण त्याखालचा चेहरा हलायला लागला होता. मागे कुणाचंतरी मूल चिप्सचं पाकीट फोडत होतं, तेवढाच आवाज.

मग सुप्रभा उठली.

"बरं," ती म्हणाली. "दिली."

"काय दिली, वहिनी?"

"विश्रांती. तुम्ही दरवर्षी मागता नि आम्ही दरवर्षी निर्दयपणे नाही म्हणतो. फार वर्षं राबवून घेतलं तुम्हाला. यंदा आम्ही बायकांनी ठरवलंय, तुम्हाला रीडिंगच्या मंडळाला द्यायचं. ते बदल्यात हरीशला देतायत. त्यांच्याशी बोलणं झालंय."

पद्माकरराव म्हणाले, "पण मला कुणी विचारलं का?"

सुप्रभानं हे सगळे दिवस त्याच प्रश्नाचं उत्तर घासूनपुसून ठेवलं होतं. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "विचारायचं नसतं हो भावजी. मंडळं आपसांत ठरवतात."

हसू कुठून सुरू झालं सांगता येणार नाही, पण मला वाटतं सुलक्षणाच्या रांगेतून. बायकांचे हात वर गेले, बायकांचे बघून पुरुषांचे. हरीश दाराशी खुर्च्या लावत होता, त्यानं ऐकलंच नाही. पद्माकरराव शाल काढून घडी घालू लागले. ती त्यांना नीट जमेना. मला क्षणभर वाईट वाटलं. मग मला कुबड्या आठवल्या नि वाटेनासं झालं.

चौथ्या दिवशी ते सुप्रभाच्या दारात. आत बोलावलं नाही, पायरीवरच. म्हणाले, अध्यक्षपद राहू दे, पण निदान गणपतीच्या पूजेला तरी मला बसू द्या, फोटो जातात घरी, लोक विचारतील. सुप्रभा म्हणाली, एका बाईला मी शब्द दिला होता, तुमच्या शब्दावर. तो मोडला कुणी, हे तिला माझ्या तोंडून नाही कळायचं. तुम्ही बर्मिंगहॅमला चला नि तिला सांगा. मग पूजेचं बोलू.

रविवारी निघालो. मर्सिडीज त्यांची, चालवणारे ते, मागे आम्ही दोघी, पुढे डेंझिल सीट पार मागे ढकलून पाय लांब करून. माझे गुडघे सबंध वाट पोटाशी होते, पण मी ब्र काढला नाही. हँड्सवर्थमधलं लहानसं विटांचं घर. मिसेस ग्रँट दारात उभी, रविवारची चर्चची टोपी अजून डोक्यावर. ठेंगणी बाई. एवढा मुलगा हिचा, हे पटायला वेळ लागला. सुप्रभा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

पद्माकररावांनी आपलं खूप चांगलं इंग्रजी काढलं. परिस्थिती, करार, दुर्दैवी घटना. मिसेस ग्रँटनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हे मला नको सांगूस, त्याला सांग. डेंझिल कठड्याला टेकून उभा होता. पद्माकररावांना मान वर करून त्याच्याकडे बघावं लागलं. ते म्हणाले, मला तुझा गुडघा माहीत होता. मी त्यांना सांगितलं नाही. मी तुला विचारलंही नाही.

डेंझिल म्हणाला, "नाही विचारलं." आणि आत गेला.

मिसेस ग्रँट सुप्रभाकडे वळली. म्हणाली, तुम्ही म्हणाला होतात मी बघते. मग म्हणाली, पण या माणसाला इथवर आणलंत. तिनं सुप्रभाचा दंड धरून तिला आत घेतलं, पाठोपाठ मला, आणि पद्माकररावांसमोर दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावलं.

सुप्रभानं पूजेला हरीशला बसवलं, ते पुढे आठवड्यानं. पद्माकररावांनी फोन केला तेव्हा ती म्हणाली, पूजेचं बोलू म्हटलं होतं भावजी, बोलतोय की आपण. पण त्या रविवारी मिसेस ग्रँटच्या घरी आम्हाला पुढचं काही सुचत नव्हतं. टेबलावर राजमा घातलेला भात होता, नारळाच्या दुधातला, आणि कोंबडीचं झणझणीत कालवण. सुप्रभा कोंबडी खाते, मी नाही, तर माझ्यासाठी त्या बाईनं केळी तळली. खिडकीतून रस्त्यापलीकडे निळी गाडी दिसत होती नि आत पद्माकरराव, स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून, घड्याळाकडे बघत. डेंझिलनं एकदा पडदा ओढायला हात लांबवला. त्याची आई म्हणाली, राहू दे, उजेड बरा आहे.

मग तिनं विचारलं, आणखी भात? मी एरवी एकदा वाढलेलं पुरवून खाणारी बाई. मी ताट पुढे केलं. सुप्रभानंही केलं. आम्ही मुळीच घाई केली नाही.